बुजवायची भोके

हिंगोली जिल्ह्याचे नाव अलीकडे विज्ञानाच्या संदर्भात घेतले जाते ते औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारामुळे. तिथे लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारा प्रकल्प उभा राहतो आहे. २०१६ मध्ये त्याला तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांवर शिक्कामोर्तब केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी पडणारा फरक मोजण्याची तयारी. अशा गोष्टी गावाजवळ आल्या की सूक्ष्माविषयीचे कुतूहल वाढते. मी याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले. गेल्या काही वर्षांत मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, 'सर, नॅनो नॅनो म्हणतात ते आपल्याकडे कधी येणार?'

माझे उत्तर असे की ते केव्हाच आलेले आहे, आणि कुणी आणले हे आणणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. जुन्या बँकेच्या किंवा सरकारी कचेरीच्या खिडकीची काळपट तपकिरी, ज्याला दुकानदार ब्राँझ म्हणतो ती ॲल्युमिनियमची चौकट पाहा. आजकाल पावडर कोटिंगच्या चौकटीच जास्त बसतात, त्या सोडून द्या. जी जुनी आहे, नखाने खरवडली तरी जिचा रंग निघत नाही, पंचवीस उन्हाळे खाऊनही जी विटलेली नाही, ती पाहा. तो रंग बहुतेक वेळा रंगद्रव्याचा नसतो. चौकटीच्या पृष्ठभागात अब्जावधी उभी भोके आहेत आणि प्रत्येक भोकाच्या तळाशी कथलाचा एकेक सूक्ष्म खुंट बसवलेला आहे. प्रकाश त्या खुंटांच्या रानात शिरतो, विखुरतो, शोषला जातो आणि उरलेला आपल्याला तपकिरी दिसतो. सच्छिद्र ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या साच्यात धातूंच्या नॅनोरचनांची रांग उभी करणे, असे ज्याला शोधनिबंधात म्हणतात, ते हेच.

ही भोके आली कुठून आणि त्यांना साचा म्हणावे हे कुणाला केव्हा सुचले, याचा इतिहास या लेखाचा विषय आहे. त्यात एक गंमत आहे. जवळजवळ सत्तर वर्षे ही भोके म्हणजे बुजवून टाकायची खोड होती.

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला आजही 'जर्मनचे' किंवा 'जर्मलचे' म्हणतात. जर्मल्याचे पातेले, जर्मलची परात. या भांड्यांचा जर्मनीशी काही संबंध नाही. १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी आयात पत्र्यापासून ॲल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली, आणि धातू देशातच गाळायला १९४३ साल उजाडले, केरळातल्या अलुपुरमला. पुढे रेणुकूट आले, बेळगावचा कारखाना आला, 'हिंडालियम' हा शब्द बाजारात आला. पितळेला कल्हई लागते, जर्मलला लागत नाही, हे बायकांच्या लगेच लक्षात आले. का लागत नाही, तर ॲल्युमिनियम स्वतःची कल्हई स्वतः करतो. हवेत उघडा पडला की क्षणात त्यावर ऑक्साइडची दोन-चार नॅनोमीटर जाडीची कातडी धरते आणि आतला धातू झाकला जातो. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) पण ही कातडी फार पातळ. चिंच, आमसूल, मीठ यांच्यापुढे ती टिकत नाही, म्हणून ताक जर्मलच्या भांड्यात ठेवू नये ही घरोघरची ताकीद.

ही कातडी विजेने जाड करता येते हे १८५७ मध्येच हाइनरिख बुफ या जर्मन शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले होते. धातू पाण्यात बुडवून त्याला विजेच्या धन टोकाशी जोडायचे, एवढीच युक्ती. उपयोग मात्र साठ-पासष्ट वर्षांनी सापडला आणि तोही समुद्रावर. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पाण्यावर उतरणारी विमाने ड्युरॅल्युमिन या मिश्रधातूची होऊ लागली आणि खारे पाणी ती खाऊ लागले. बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी १९२३ मध्ये क्रोमिक आम्लात हा धातू धन टोकाला जोडून त्यावर जाड ऑक्साइड चढवण्याचे पेटंट मिळवले. १९२७ मध्ये गोवर आणि ओब्रायन यांनी स्वस्त सल्फ्युरिक आम्ल वापरले, आणि आजही वाळूज-चाकणच्या औद्योगिक वसाहतींत जे ॲनोडायझिंग चालते ते मुख्यतः त्याच घराण्याचे. जपानमध्ये रिकेन संस्थेने ऑक्झॅलिक आम्लाची वाट धरली. त्यातून निघालेला 'अल्युमाइट' जेवणाच्या डब्यांवर आणि किटल्यांवर चढून जपानी घराघरांत गेला. पुढच्या सगळ्या कथेत जपानी नावे पुन्हा पुन्हा येतात त्याचे मूळ मला या डब्यांत दिसते. ज्या देशाच्या स्वयंपाकघरात ही कातडी रोज हाताळली जाते तिथल्या प्रयोगशाळांना तिचा विसर पडत नाही.

या सगळ्या कारागिरांना एक अडचण होती. आम्लात वाढवलेली कातडी घट्ट नसे, ती शोषून घेई. बोटाचे तेल लागले तरी डाग पडे, रंगात बुडवली तर रंग पिई. शेवटी तिला उकळत्या पाण्यात किंवा वाफेत ठेवण्याची प्रथा पडली. पाण्याने ऑक्साइड फुगतो आणि तोंडे मिटतात. या पायरीला धंद्यात 'सीलिंग' म्हणतात. भोके बुजवली नाहीत तर माल परत येतो. या धंद्यातल्या माणसाला भोक म्हणजे काय हे सांगावे लागत नसे. ते त्याच्या तोट्याचे कलम होते.

त्या भोकांचा आकार कसा आहे, हा प्रश्न ज्यांना पडला ते सेतोह आणि मियाता. रिकेनमधल्या या दोघांनी १९३२ मध्ये मांडले की या कातडीचे दोन थर असले पाहिजेत. धातूला चिकटलेला एक पातळ, अखंड थर आणि त्यावर भोकांचा जाड थर. हे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाविना, तर्काने मांडले. साध्या सूक्ष्मदर्शकाला ही भोके दिसणे शक्यच नव्हते, कारण ती प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान. पुढे १९५३ मध्ये अमेरिकेतल्या अल्कोआ कंपनीच्या प्रयोगशाळेत केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहिली. सहा बाजूंच्या पेशी, प्रत्येकीच्या मधोमध एक भोक. थेट मोहोळच. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की पेशीची रुंदी विजेच्या दाबावर अवलंबून होती. दर व्होल्टमागे साधारण अडीच नॅनोमीटर. ४० व्होल्ट दिले तर भोकाभोकांत १०० नॅनोमीटर अंतर, २५ व्होल्ट दिले तर त्याहून बरेच कमी. रेग्युलेटरची खुंटी फिरवून नॅनोमीटर ठरवता येतात, हे १९५३ पासून छापील स्वरूपात जगापुढे होते.

भोके सरळ उभी का जातात, तेही सांगायला हवे, कारण त्यावर सगळा डोलारा आहे. ऑक्साइड वीज सहज वाहू देत नाही. पृष्ठभागावर जिथे जरा खळगा असेल तिथे थर पातळ, म्हणून तिथे विद्युतक्षेत्र तीव्र, म्हणून तिथे ऑक्साइड जास्त विरघळतो आणि खळगा आणखी खोल होतो. त्याच वेळी तळाशी धातूचे ऑक्साइड होत राहते. खणणे आणि भरणे यांचा वेग जुळला की भोक एकाच जाडीचे राहून खाली सरकत जाते, आड खणणाऱ्यासारखे. शेजारच्या आडाला जागा द्यावी लागते, कारण ॲल्युमिनियमचे ऑक्साइड झाले की ते फुगते. फुगलेल्या भिंती एकमेकींना रेटतात आणि रेटारेटीतून सगळे आड सारख्या अंतरावर येतात. या रेटारेटीचा हिशेब जर्मनीतल्या हाले इथल्या माक्स प्लांक संस्थेत येसेन्स्की, म्युलर आणि गोझेले यांनी १९९८ मध्ये मांडला. मधमाशीला षट्कोन शिकवावा लागत नाही, तसा ॲल्युमिनियमलाही लागत नाही.

आता खिडकीकडे. भोके रंग पितात तर त्यांत कापडाचा रंग भरून मग तोंडे मिटावीत, ही युक्ती जुनीच. पण कापडाचा रंग उन्हात उडतो. १९३६ मध्ये इटलीत काबोनी यांनी पेटंट घेतले ते वेगळ्या कल्पनेचे. ॲनोडायझ केलेला तुकडा धातूच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचा आणि त्यातून उलटसुलट, म्हणजे एसी, वीज सोडायची. ऑक्साइडचा तळाचा थर एका दिशेने वीज अडवतो आणि दुसऱ्या दिशेने थोडीफार जाऊ देतो, म्हणून अर्ध्या फेऱ्यात धातू भोकाच्या तळाशी जमतो. १९६० च्या दशकात ताहेई असादा यांनी ही पद्धत इमारतींच्या धंद्यासाठी पक्की केली. निकेल, कोबाल्ट, कथील, काहीही चालते. थोडा वेळ ठेवले तर फिकट सोनेरी, अधिक ठेवले तर ब्राँझ, आणखी ठेवले तर काळे. धातू भोकाच्या तळाशी, वर मिटलेले तोंड. तिथवर ना हात पोहोचतो ना पाऊस.

माझे मत स्पष्ट आहे. धातूच्या नॅनोरचनांच्या रांगा मानवाने टनावारी बनवल्या त्या प्रथम या खिडक्यांत. ती रांग हवी म्हणून बनवली नव्हती, तपकिरी रंग हवा म्हणून बनवली होती, एवढाच फरक. विज्ञानाच्या इतिहासात हेतूला फार मान दिला जातो. कारखान्याच्या टाकीवर उभ्या राहणाऱ्या माणसाने पन्नास वर्षे एखादी गोष्ट अचूक केली, तरी तिला नाव देणाऱ्याच्या खात्यावर ती जमा होते. खिडकी आणि प्रयोगशाळा यांच्यात एक पूल मात्र सापडतो. १९७५ मध्ये कावाई आणि उएदा यांनी याच भोकांत कोबाल्ट आणि कोबाल्ट-निकेल भरून त्यांचे चुंबकीय गुण मोजले. भोकातला चुंबकीय खुंट उभा असतो, म्हणून त्यात माहिती उभी साठवता येईल, असा विचार. रंगासाठी भरलेला धातू इथे पहिल्यांदा धातू म्हणून मोजला गेला.

इथे बीदरचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. १९५६ पर्यंत आम्ही आणि बीदर एकाच हैदराबाद राज्यात होतो. मग बीदर म्हैसूरकडे गेले आणि परभणी, ज्यातून १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला, मुंबई राज्यात आला. मराठवाड्यात जुन्या घरांत बिदरीचा एखादा हुक्का, पानदान किंवा सुरई अजून निघते. बिदरीचा कारागीर जस्त आणि थोड्या तांब्याचे भांडे वाळूच्या साच्यात ओततो. मोरचुदाचा हात फिरवून ते तात्पुरते काळे करतो म्हणजे रेघ दिसावी, मग छिन्नीने खाचा कोरतो आणि खाचांत चांदीची तार ठोकून बसवतो. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपात भांडे घोळले की जस्ताचा पृष्ठभाग कायमचा काळा पडतो आणि चांदी तशीच चमकत राहते. माती योग्य आहे का हे कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. आधी खाच, मग खाचेत दुसरा धातू, मग एकालाच लागू पडेल आणि दुसऱ्याला नाही असे रसायन, हा क्रम नॅनोसाच्याच्या क्रमाशी पायरीने पायरी जुळतो. तरी तुलना ताणू नये. बिदरीत साचा हेच भांडे असते आणि ते राहते, आणि खाच कुठे पडावी हे कारागिराचा हात ठरवतो. ॲल्युमिनियमच्या साच्यात खाचा आपोआप पडतात आणि काम झाले की साचाच विरघळवून टाकतात.

साचा विरघळवण्याची कल्पना ॲल्युमिनियमवाल्यांची नव्हे. १९७० मध्ये पॉसिन यांनी अभ्रकात कणांच्या माऱ्याने पडलेल्या वाटा आम्लाने पोखरल्या आणि त्या भोकांत धातू भरून अतिसूक्ष्म तारा काढल्या. पुढे अमेरिकेत चार्ल्स मार्टिन यांनी या पद्धतीचा ध्यास घेतला. प्लॅस्टिकचे गाळणकागद, ॲल्युमिनाचे गाळणकागद, जे मिळेल त्यातल्या भोकांत सोने, प्लॅटिनम, वीजवाहक प्लॅस्टिक भरून पाहिले. त्यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवले की ॲल्युमिनाच्या भोकांत सोने भरले की पडदा पारदर्शकच राहतो, पण सोन्याच्या खुंटांच्या आकारानुसार त्याला रंग येतो. १९९४ मध्ये त्यांनी 'सायन्स' नियतकालिकात या सगळ्याचा आढावा घेतला. ॲल्युमिनाचे गाळणकागद तोवर बाजारात मिळू लागले होते. भोके बुजवण्याऐवजी विकायला ठेवली गेली ती तेव्हा. जिवाणू गाळायला ती उत्तम.

पण भोके ओबडधोबड होती. मोहोळासारखी म्हणायची, पण मोहोळ उंदराने कुरतडलेले. ती शिस्तीत आणली टोकियो मेट्रोपॉलिटन विद्यापीठातल्या हिदेकी मासुदा यांनी. फुकुदा यांच्यासह त्यांनी १९९५ मध्ये 'सायन्स'मध्ये लिहिले की ४० व्होल्टवर ऑक्झॅलिक आम्लात ॲल्युमिनियम फार फार वेळ ठेवला तर खाली खाली जाणारी भोके एकमेकांना रेटत शेवटी अगदी सरळ रांगेत येतात. वरची तोंडे वेडीवाकडी, तळ शिस्तीचा. त्या तळाचा त्यांनी प्लॅस्टिकमध्ये उलटा ठसा घेतला आणि त्या ठशावर सोने-प्लॅटिनम चढवून धातूच्या पत्र्यात मोहोळासारखी भोके उमटवली. पुढच्याच वर्षी मासुदा आणि सातोह यांनी त्याहून सोपी वाट काढली. पहिला वेडावाकडा थर आम्लाने धुऊन टाकायचा, खाली धातूवर शिस्तीचे खळगे उरतात, त्यावर दुसऱ्यांदा ॲनोडायझिंग करायचे. आता भोके वरपासूनच सरळ. असा पातळ पडदा झाकण म्हणून ठेवून वरून सोन्याची वाफ सोडली की खाली सोन्याच्या ठिपक्यांची रांगोळी उमटते. १९९७ मध्ये त्यांनी टणक साच्याने ॲल्युमिनियमवर आधीच खळगे दाबून घेतले, म्हणजे भोक कुठे पडावे हेही माणसाच्या हाती आले. बीदरच्या छिन्नीजवळ गोष्ट पुन्हा आली म्हणा.

आकडा सांगितल्याशिवाय या शिस्तीची कल्पना येत नाही. १०० नॅनोमीटर अंतर असेल तर एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे ११०० कोटी भोके बसतात. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत पृथ्वीवरच्या माणसांहून अधिक. इलेक्ट्रॉनच्या झोताने ती एकेक कोरायला कोट्यवधींचे यंत्र आणि दिवसच्या दिवस लागतील. इथे टाकी, आम्ल, बर्फ आणि चाळीस व्होल्ट. त्यांत चांदीच्या काड्या उभ्या केल्या तर काड्यांमधल्या फटीत प्रकाश इतका दाटतो की तिथे अडकलेल्या मोजक्या रेणूंचीही वर्णपटावरून ओळख पटते. कोबाल्ट भरला तर चुंबक. आणि साचा कॉस्टिक सोड्यात विरघळवताना एक फजिती ठरलेली. काड्या लांब असतील तर वाळताना पाण्याच्या ओढीने त्या एकमेकींना चिकटतात, नदीतून डोके काढलेल्या पोराच्या केसांसारख्या झुबक्याझुबक्यांनी. म्हणून पुष्कळ जण साचा अर्धाच विरघळवतात.

स्वस्त आहे म्हणून सगळेच सोपे आहे असे मात्र नाही. शिस्त हवी तर आधी धातू आरशासारखा गुळगुळीत करावा लागतो आणि त्याची रूढ कृती पर्क्लोरिक आम्लाची आहे. २० फेब्रुवारी १९४७ रोजी लॉस एंजेलिसमधल्या एका कारखान्यात ॲल्युमिनियम चकचकीत करण्याची पर्क्लोरिक आम्लाची टाकी फुटली, १७ माणसे गेली, आसपासच्या इमारती कोसळल्या. मी ही कृती वर्गात फक्त वाचून दाखवीत असे. दुसरी अडचण आमच्या हवेची. आम्लाची टाकी थंड लागते, वीस अंशांच्या आत, आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर. टाकी तापली की आम्ल भोकांच्या भिंती खाते आणि कातडीची भुकटी होते.

म्हणून आम्ही हिवाळ्यात करत असू, आणि ऑक्झॅलिकऐवजी सल्फ्युरिकने. ट्रॅक्टरच्या बॅटरीचे आम्ल पाण्यात (पाणी आम्लात नव्हे) ओतून पातळ केलेले, बॅटरीचा चार्जर, शिशाचा पत्रा, भोवती बर्फकांडीवाल्याकडचा बर्फ. जर्मलच्या ताटलीचा कापलेला तुकडा तासभर बुडवला, धुऊन रंगाऱ्याकडच्या गुलाबी रंगात ठेवला आणि उकळत्या पाण्यात मिटवला. चार्जरचा दाब चौदा व्होल्टच्या आसपास, म्हणजे भोकाभोकांत पस्तीसेक नॅनोमीटर. केसाच्या जाडीत दोन हजारांवर भोके. एका मुलीने तुकडा घासणीने घासून पाहिला आणि म्हणाली, "सर, हे तर निघतच नाही." तिच्या वडिलांचे भांड्यांचे दुकान होते.

पाहण्याचा मात्र मार्ग नव्हता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तेव्हा आमच्या पंचक्रोशीत कुठेच नव्हता. नमुना दुसऱ्या शहरात पाठवायचा, दर नमुन्यामागे पैसे भरायचे, पाळी येईपर्यंत थांबायचे. एकदा पाठवलेले नमुने तर परत आलेच नाहीत. या विषयात बनवणे स्वस्त आणि पाहणे महाग आहे, आणि ग्रामीण महाविद्यालयाची गाडी नेमकी तिथे अडते. जिल्ह्यात कोट्यवधींचा प्रकल्प येतो आहे याचा आनंद आहेच, पण तालुक्याच्या प्रयोगशाळेला परवडेल अशा सूक्ष्मदर्शकाचा विचारही कुणीतरी केला पाहिजे.

तोवर सेतोह आणि मियाता यांच्यासारखे न पाहता ओळखावे लागते, आणि ते जमते. दाब कायम ठेवून अँमीटरचा काटा पाच-पाच सेकंदांनी लिहून घ्यायचा. सुरुवातीला प्रवाह झरझर खाली येतो, अखंड थर जाड होतो आहे. मग तो तळ गाठतो आणि पुन्हा थोडा वर चढतो, तिथे पहिले खळगे पडले. मग सपाट रेघ, भोके खाली चालली आहेत. धातू भरतानाही तसेच. भोके भरेपर्यंत काटा जवळजवळ स्थिर, आणि धातू तोंडाशी येऊन वर पसरू लागला की एकदम उसळी. त्या उसळीपूर्वी वीज बंद केली तर काड्या सुट्या मिळतात, नंतर केली तर वर पत्रा धरतो. मुले आलेखाच्या कागदावर ही रेघ काढत आणि उसळीच्या ठिकाणी पेन्सिलीने लिहीत, 'भरले'.